कट्टा कुणाच्या खात्यात?

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा विषयही त्यांनीच सुचवला होता, ‘सोसायटीची २५ वर्षे : जमाखर्च’. मी अकरा वर्षे खजिनदार होतो, त्यामुळे मंडळींना वाटलं असणार की हा आकडे देईल. आकडे देणार आहे, पण ताळेबंदातले नाहीत. ते लेखापरीक्षकांनी तपासून ऑफिसच्या कपाटात ठेवलेले आहेत, ज्यांना पाहायचे असतील त्यांनी सेक्रेटरींकडे चावी मागावी. मला लिहायचंय ते आपण राहतो त्या जागेच्या मांडणीबद्दल. खिडकी कुठे उघडते, जिना किती रुंद आहे, दोन इमारतींच्या मधे काय आहे, या गोष्टींनी माणसाचं मन कसं फुलतं किंवा कोमेजतं, त्याचा थोडा इतिहास. यात माझी स्वतःची एक चूकही आहे. ती ओघात येईलच.

माझा जन्म १९५० चा, नायगावच्या बीडीडी चाळीतला. वडील गिरणीत साचे चालवायचे. खोली १६० चौरस फूट आणि माणसं नऊ. नव्या पिढीला बीडीडी म्हणजे काय हे सांगावं लागेल, आणि त्यासाठी आणखी मागे, थेट प्लेगपर्यंत जावं लागेल.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसं मेली, लाखो लोक गाव गाठायला निघाले, गिरण्या ओस पडल्या. तेव्हा उंदीर आणि पिसवांचा संबंध नीट कळायचा होता. अंधार, ओल आणि कोंडलेली हवा यांतून रोग येतो अशी समजूत होती. म्हणून १८९८ साली कायदा करून ‘सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. जुन्या दाट वस्त्या पाडून रस्ते काढायचे, शहराच्या उत्तरेला मोकळ्या जागेत वस्ती न्यायची, हे त्याचं काम. दादर-माटुंग्याचे झाडांचे रस्ते, हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी ही त्याच ट्रस्टची देणगी. या ट्रस्टचे एक अध्यक्ष होते जे. पी. ऑर नावाचे. १९१२ च्या सुमारास त्यांनी मुंबईच्या घरांतल्या उजेड-वाऱ्याचा ध्यासच घेतला होता. त्यांच्या नियमाचं नाव साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. नाव अवघड आहे, हिशोब सोपा आहे. समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा जास्त नसावी, म्हणजे तळमजल्यावरच्या माणसालाही आभाळाचा तुकडा दिसतो. गंमत म्हणून मी मागच्या महिन्यात वॉचमनला टेप धरायला लावून आपल्या ए आणि बी विंगमधलं अंतर मोजलं. २२ फूट भरलं. इमारत साधारण ४२ फूट उंच आहे. म्हणजे ऑरसाहेबांच्या परीक्षेत आपण दोन फुटांनी पास!

प्लेगचं निदान पूर्ण बरोबर नव्हतं, पण खिडकीवरचा जोर बरोबर होता. पुढे पहिलं महायुद्ध संपलं, गिरणगावात माणसांना राहायला जागा उरली नाही, आणि गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत १९२० मध्ये ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ निघालं. तेच बीडीडी. वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी या ठिकाणी त्यांनी २०७ चाळी बांधल्या. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर वीस खोल्या, चाळीत ८०. मधोमध पॅसेज आणि दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं. बांधकाम सिमेंट काँक्रीटचं, असं मजबूत की शंभर वर्षं झाली तरी उभं राहिलं. पण रूप पेटाऱ्यासारखं. सुरुवातीची कित्येक वर्षं कामगारच तिथे राहायला तयार होईनात, खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात तर सरकारने वरळीच्या चाळींत सत्याग्रहींना कैदेत ठेवलं. ज्या इमारतीचा विशेष काही बदल न करता तुरुंग होऊ शकतो, ती घर म्हणून कशी असेल याची कल्पना करा.

आणि तरीही, मी तिथे सुखात वाढलो हे सांगितलंच पाहिजे. त्याचं कारण तो पॅसेज. दिवसासुद्धा दिवा लावावा लागे, पण रुंद होता. एस.एस.सी.चा अभ्यास मी त्याच दिव्याखाली केला. बायका तिथे तांदूळ निवडायच्या, पुरुष रात्री वळकट्या टाकून तिथेच झोपायचे. कुणाकडे मयत झालं की माणसं तिथे भिंतीला टेकून बसायची, कोणी कुणाला बोलावत नसे. खोलीत जागा नव्हती म्हणून आम्ही बाहेर यायचो, आणि बाहेर आलो की एकटे राहत नसू. सरकारी नकाशात तो पॅसेज फक्त येण्याजाण्याची वाट होती. आम्ही त्याची ओसरी केली.

गरिबीचं कौतुक करण्याचा मात्र माझा अजिबात हेतू नाही. संडासाची रांग आणि आईचा खोकला मला चांगला आठवतो. आजकाल चाळीवर गोड गोड नाटकं होतात. ती बघून मी घरी येतो तेव्हा माझ्या बाथरूमचं दार मुद्दाम एकदा लावून बघतो.

१९७३ ला बँकेत क्लार्क म्हणून लागलो. १९७९ ला लग्न झालं आणि मुंबईत पागडी परवडेना म्हणून अंबरनाथला दोन खोल्या भाड्याने घेतल्या. तेव्हाचं अंबरनाथ म्हणजे विम्कोची काडेपेटी, ऑर्डनन्स फॅक्टरी आणि शिवमंदिर. फॅक्टरीच्या वसाहतीत झाडी इतकी की बाजारातून तिकडे वळलं की उन्हाळ्यातही जीवाला बरं वाटायचं. आमच्या खोल्या मात्र पत्र्याच्या. मे महिन्यात मोठी मुलगी सहा-सात महिन्यांची होती, दुपारी रडून रडून निळी पडायची. एका रविवारी वैतागून तिला उचललं आणि वालधुनीच्या काठच्या मंदिरात गेलो. मी काही फार देवभक्त नव्हे, सावली हवी होती इतकंच.

त्या मंदिराचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा. शिलाहार राजा छित्तराज याने काम सुरू केलं आणि त्याचा भाऊ मुम्मुणी याच्या काळात ते पुरं झालं. भूमिज शैली, बाहेरच्या भिंतीवर बोटभर जागा कोरायची सोडलेली नाही. पण बाहेरची शिल्पं सगळेच बघतात, मला आत जे झालं ते सांगायचंय. उन्हातून आधी मुखमंडप, अर्धा उजेड. मग सभामंडप, त्याहून कमी. मग गाभारा, आणि गाभारा चढून जायचा नाही, वीसएक पायऱ्या खाली उतरून जायचा. पायरीगणिक गारवा वाढतो, आवाज विरत जातात. वर शिखर अपुरं आहे, तिथून आभाळाचा उजेड सरळ पिंडीच्या दिशेने खाली येतो. दहाव्या पायरीला मुलगी रडायची थांबली. खाली पोचेपर्यंत झोपली होती. मी तिथेच कडेला अर्धा तास उभा राहिलो. साडेनऊशे वर्षांपूर्वीच्या एका कारागिराने माझ्या मुलीला निजवलं, ही माझी त्या मंदिराबद्दलची सगळी विद्वत्ता. इतकं मात्र तेव्हा लक्षात आलं की उजेड एकदम तोडायचा नसतो, पायरी पायरीने कमी करायचा असतो. बाहेर आणि आत यांच्या मधे थोडी जागा लागते, म्हणजे मन पाठोपाठ येतं.

१९८१ ला ऑफिसर झालो आणि उल्हासनगर शाखेत बदली झाली. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ ब्रिटिशांनी लष्कराचा तळ उभारला होता. ओळीने लांबलचक बराकी, मधे ट्रकसाठी रुंद पट्टे, पाच कॅम्प. सैनिक यायचे, काही आठवडे थांबायचे आणि आघाडीवर जायचे. फाळणीनंतर सिंधमधून निघालेल्या लाखाच्या घरातल्या लोकांना सरकारने इथे आणून ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली आणि गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. ज्या जागेत म्हातारं माणूस, बाळंतीण किंवा शाळेतलं पोर राहील असा विचार आखणाऱ्याने केलाच नव्हता, तिथे आयुष्यभरासाठी संसार मांडले गेले. अजून पत्त्यात बराक नंबर येतो.

कॅश क्रेडिटचा माल तपासायला मला बराकींत जावं लागे. पुढच्या अर्ध्या भागात धंदा, मागच्या अर्ध्यात घर. बहुतेक घरांत एक वस्तू हमखास, ती म्हणजे झोपाळा. शिलाईची यंत्रं कडेला सरकवलेली असत, पण झोपाळ्याची जागा कुणी मोडलेली नसे. आमच्या एका जुन्या खातेदाराने, वय तेव्हा सत्तरीचं, मला चहा पाजत सगळं सांगितलं होतं. सुरुवातीला दोन कुटुंबांच्या मधे गोणपाटाचा पडदा असायचा. पलीकडच्या घरातलं भांडण, कुंथणं, सगळं ऐकू यायचं, आणि त्यापेक्षाही जड म्हणजे आपलंही पलीकडे ऐकू जातंय हे माहीत असायचं. गृहस्थ सिंधमधल्या हैदराबादचे. तिथल्या घरांच्या छपरांवर वारा पकडायला उंच चौकोनी तोंडाचे बुंधे बांधलेले असत, उन्हाळी वारा एकाच दिशेने येतो तिकडे तोंड केलेले. तो वारा खाली प्रत्येक मजल्यावरच्या खोलीत उतरायचा. मी फोटो नंतर पाहिले, अख्खं शहर शिडं लावून उभं असल्यासारखं दिसतं. त्या घरातून उठून माणूस कल्याण कॅम्पच्या तापलेल्या छपराखाली आला.

मग या लोकांनी काय केलं? सरकारकडे वाऱ्यासाठी अर्ज करून काही होणार नव्हतं. त्यांनी पहिला पैसा हाती आल्यावर दारापुढे ओटे बांधले. संध्याकाळी ओट्यावर खाट निघायची आणि बराकींमधला ट्रकचा पट्टा अंगण व्हायचा. ते गृहस्थ म्हणाले की सिंध सोडल्यानंतर पहिल्यांदा नीट झोप लागली ती त्या ओट्यावर.

पुढे १९८६ मध्ये त्यांच्या मुलाने ओट्यावर दुकान काढलं. मालासाठी कर्ज मीच मंजूर केलं. प्रकरण उत्तम होतं, हप्ता एकदाही चुकला नाही. वर्षभराने तपासणीला गेलो तर म्हातारबुवा दुकानाच्या मागच्या खोलीत, पंख्याखाली, भिंतीकडे तोंड करून बसलेले. उठून नमस्कार केला, चहा मागवला, पण पूर्वीसारखं बोलले नाहीत. मी त्या दिवशी रजिस्टरमध्ये ‘तपासणी समाधानकारक’ असा शेरा मारला. एकट्या त्यांच्याच ओट्याचं असं झालं नाही. सगळ्या उल्हासनगरचे मोकळे पट्टे असेच भरत गेले, वर मजले चढले, इतके की शेवटी २००६ साली अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी सरकारला उल्हासनगरसाठी वेगळा कायदा करावा लागला.

आता बदलापूर. १९९९ मध्ये आपली सोसायटी नोंदली गेली, तेव्हा आपण सगळे कर्जात बुडालेले होतो. सहकारी गृहनिर्माणाची वाट मुंबईत १९१५ साली गावदेवीच्या सारस्वत सोसायटीने आणि तळमकींसारख्या माणसांनी घालून दिली. आपण त्या वाटेवर पोचलो ते बिल्डरने हिशोब द्यायला टाळाटाळ केली म्हणून. असो. वन रूम किचन, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. बाल्कनी पहिल्या दोन वर्षांत सगळ्यांनीच ग्रिल लावून खोलीत घेतली. मीही घेतली.

२००१ मध्ये बिल्डरच्या उरलेल्या विटा मागच्या बाजूला पडून होत्या. त्यातून बदामाच्या झाडाभोवती कट्टा बांधला, वर कडाप्पा. चौदा फूट लांब. खर्च २,३०० रुपये, व्हाउचर अजून फाईलला आहे. हा कट्टा कुणी आखलेला नव्हता, पण महिनाभरात तिन्ही विंगची माणसं एकमेकांना नावाने ओळखू लागली. २००५ च्या २६ जुलैला उल्हास नदी तळमजल्यात शिरली. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता, इकडचं पाणी तर आपण डोळ्यांनी पाहिलं. तळमजल्याची पाच बिऱ्हाडं वरच्यांनी वाटून घेतली. पाणी ओसरल्यावर ऊन पडलं तेव्हा कडाप्प्यावर सगळ्यांची रेशनकार्डं, शाळेचे दाखले, पासबुकं वाळत टाकली होती. चिकटलेल्या मुदत ठेवींच्या पावत्या मी ब्लेडने एकेक सोडवत बसलो होतो आणि बाजूला सी विंगचे काका मोठ्याने नावं वाचत होते. हसायला येत होतं सगळ्यांना, एवढं नुकसान होऊन.

हे काका ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. गुडघे दुखायचे, तरी रोज संध्याकाळी सहाला कट्ट्यावर हजर. क्लासहून येणाऱ्या मुलांना अडवून पाढे विचारायचे.

२०१२ च्या वार्षिक सभेत पार्किंगचा विषय आला. गाड्या तेरा, जागा नऊ. कट्टा काढून पेव्हर ब्लॉक टाकले तर चार गाड्या बसत होत्या. महिना २०० रुपये प्रमाणे वर्षाला ९,६०० उत्पन्न. ठराव मी मांडला. टिपणही मीच तयार केलं होतं, दोन रकाने, खर्च आणि लाभ. कट्ट्याच्या नावे जमेला लिहिण्यासारखं काहीच सापडलं नाही. सापडणार कसं, कट्टा ना कुणाच्या ॲग्रीमेंटमध्ये होता ना मंजूर नकाशात. ठराव बहुमताने पास झाला. काका सभेला होते. विरोधात हात वर केला नाही, बाजूनेही नाही.

पुढे तीनेक महिन्यांनी जिन्यात भेटले. म्हणाले, “मॅनेजरसाहेब, आता खाली उतरून उभं कुठं राहायचं?” मी म्हटलं, “काका, गच्ची आहे की.” गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली माझ्याकडेच असते, हे दोघांनाही माहीत होतं. त्यानंतरच्या तीन वर्षांत मी त्यांना खाली चार-पाचदा पाहिलं असेल, ते रिक्षात बसताना, डॉक्टरकडे जायला. २०१५ मध्ये ते गेले. कट्टा गेला म्हणून गेले असं मी म्हणत नाही, वय झालं होतं, मधुमेह होता. पण तीन जिने उतरायला माणसाला काही कारण लागतं, आणि ते कारण मी ९,६०० रुपयांना काढून टाकलं.

२०१७ मध्ये सौ. पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. हॉस्पिटलच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत आणि एसीचे डबे दिसत. तेव्हा मुलीने मला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ रुग्णांची कागदपत्रं रॉजर उलरिच यांनी तपासली, १९७२ ते १९८१ या काळातली. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाले ८.७० दिवसांत. शिवाय झाडंवाल्यांना वेदनेची कडक औषधं कमी लागली. १९८४ मध्ये हे छापून आलं. फरक पाऊण दिवसाचा, पण मी बँकेतला माणूस, पाव टक्क्याची किंमत मला कळते. घरी आणल्यावर तिचा पलंग आम्ही मागच्या खिडकीला लावला, बदाम समोर येईल असा. पोपट यायचे, संध्याकाळी वटवाघळं. तिला बरं वाटू लागलं. एक दिवस म्हणाली, “अहो, झाड छान दिसतं. पण खाली कुणी माणूस दिसत नाही.” खाली चार गाड्यांची छपरं होती.

मग २०२० आलं. टाळेबंदीत पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे, जिन्याच्या वळणावर जाळीची मोठी खिडकी आहे तिथे, बी विंगच्या मंडळींनी एक प्लास्टिकची खुर्ची ठेवली. एका वेळी एकानेच बसायचं, बाकीच्यांनी पायऱ्यांवर अंतर ठेवून. नगरपालिकेचा माणूस आला की खुर्ची आत. ती खुर्ची अजून तिथेच आहे, आणि संध्याकाळी ती रिकामी मिळत नाही हे तुम्ही पाहताच.

आता पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली आहे. दोन बिल्डरांची माहितीपत्रकं मी वाचली. जिम आहे, पोडियम पार्किंग आहे, क्लब हाऊस आहे, त्याला वेळापत्रक आणि कार्ड आहे. चटईक्षेत्र किती वाढणार ते जाड अक्षरात आहे. दोन विंगमधलं अंतर मात्र दोन्ही पत्रकांत कुठे दिलेलं नाही. मी पट्टीने नकाशावरून काढलं, सोळा मजल्यांना तीस फूट. ऑरसाहेबांचा हिशोब कसा करायचा तो वर दिलाच आहे.

पुनर्विकास व्हायला पाच वर्षं लागतील, दहाही लागतील. तोवर थांबण्याचं मला कारण दिसत नाही. पार्किंग नंबर सातचे सभासद पुण्याला गेले, त्यांची जागा दीड वर्ष रिकामी आहे आणि ती बरोबर बदामाच्या बुंध्याला लागून आहे. आठ फूट रुंद. त्यात सहा फुटांचा कट्टा बसतो आणि खोडाभोवती दीड फूट माती उघडी ठेवता येते. पेव्हर काढणं, विटा, कडाप्पा आणि मजुरी धरून गवंड्याने १४,५०० सांगितले आहेत. ते मी देतो, सोसायटीवर बोजा नाही. पार्किंगचं वर्षाचं २,४०० रुपयांचं उत्पन्न मात्र बुडेल, ते बुडेल असं टिपणात स्पष्ट लिहिलं आहे.

सप्टेंबरच्या वार्षिक सभेत ठराव मी मांडणार आहे. अनुमोदक हवा आहे. सी विंगमधलं कुणी असेल तर जास्त बरं. संध्याकाळी सहानंतर मी जिन्याच्या वळणावर असतो.